किरकोळ फंक्शनं: सी लायब्ररीत कुठली ठेवायची, कुठली समुद्रात सोडायची?

खाडीकाठ (मालवण)

मंडळी, मासेमारीबंदी चालू आहे. ३१ जुलैपर्यंत होड्या वर ओढलेल्या, जाळी दुरुस्तीला काढलेली, आणि तांडेल लोक चक्क फोन उचलतायत. या मुदतीत आमच्या मासेवहीच्या प्रोग्रामची साफसफाई उरकायचा विचार आहे.

नवीन लोकांसाठी थोडक्यात: होडीवरचं जीपीएस दर सेकंदाला एनएमईए ०१८३ (जहाजावरच्या यंत्रांची ठरलेली भाषा) पद्धतीची वाक्यं सोडतं. आमचा सी प्रोग्राम ती वाचून जाळं टाकल्याची जागा आणि वेळ टिपतो. बंदरावर आलं की कुठला मासा किती किलो आणि कितीला गेला, हे त्यापुढे भरायचं. होडीवर रास्पबेरी पाय (हातावर मावणारा छोटा संगणक, पुढे नुसतं 'पाय'), घरी लॅपटॉप, कोड दोन्हीकडे तोच.

या सगळ्याच्या बुडाशी किरकोळ फंक्शनांची एक फाइल आहे. ओळ तोडणं, आकडा वाचणं, नाव चौकटीत बसवणं, पुढच्या-मागच्या रिकाम्या जागा छाटणं, चेकसम (वाक्य नीट आलं का हे पडताळायचा आकडा) काढणं. काही जीपीएस मोड्यूलसोबत आलेल्या नमुना कोडमधलं, काही कुणी कुठून कुठून आणून टाकलेलं. मुख्य प्रोग्रामवर सगळे हात मारतात, ही फाइल मात्र कोणी उघडत नाही. घोळ सगळा तिथेच आहे.

माझं मत आधी सांगून टाकतो, मग बडवा. फंक्शन पाच ओळींचं असलं म्हणून त्याने गप्प बसावं हे मला मान्य नाही. आकडा वाचता आला नाही की शून्य देऊन मोकळं व्हायचं, नाव मावलं नाही की गुपचूप कापायचं, असलं काही लायब्ररीत नको. काम जमलं की नाही हे बोलावणाऱ्याला कळलंच पाहिजे.

उदाहरण घ्या. मोड्यूलला वेळ मिळाली पण जागा अजून ठरली नाही, तेव्हा वाक्य असं येतं (अक्षरं आपल्या लिपीत लिहितोय):

$जीपीजीजीए,०६१५३०.००,,,,,०,००,९९.९९,,,,,,

आमचं तोडणारं फंक्शन आतून स्ट्रटॉक हे सीचं तयार फंक्शन वापरतं. स्ट्रटॉक लागोपाठचे स्वल्पविराम एकच धरतो, त्याच्या लेखी रिकामा रकाना नसतोच. म्हणजे वेळेनंतरचा ० हा अक्षांश झाला, ०० ही दिशा झाली, आणि ९९.९९ हे अचूकतेचं माप रेखांश म्हणून बसलं. होडी मालवणच्या जेटीला बांधलेली, वहीत मात्र विषुववृत्तावर, आफ्रिकेजवळ गिनीच्या आखातात.

बोला आता.

गजालीकार (कुडाळ)

मेल्या, थय बांगडे गावतत काय ता तरी लिवून ठेव. डिझेलचो हिशोब कोण देतलो?

चेष्टा पुरे. स्ट्रटॉकची दुसरी खोड जास्त वाईट. तो मूळ ओळीतच शून्य बाइट (सीमधली स्ट्रिंगच्या शेवटाची खूण) ठोकत जातो आणि आपण कुठवर आलो हे स्वतःच्या पोटात लपवून ठेवतो. एका ओळीचं तोडकाम चालू असताना मध्येच कोणी दुसरी ओळ तोडायला घेतली की पहिलीचा धागा हरवला. स्ट्रटॉक_आर त्यावर उपाय आहे, पण रिकामे रकाने तोही गिळतो. स्ट्रसेप रिकामे रकाने देतो. तो बीएसडी युनिक्सकडचा, ग्लिबसीत (लिनक्सवरच्या सी लायब्ररीत) आहे, पण सीच्या प्रमाणात नाही. आणि ओळ तोही फोडतोच.

खाडीकाठ (मालवण)

म्हणूनच स्वतःचं लिहितोय. ओळीला हात लावायचा नाही. प्रत्येक रकान्याची सुरुवात आणि लांबी, एवढ्या जोड्या भरून द्यायच्या, रिकाम्याची लांबी शून्य. परतीला एकूण रकाने किती ते. जोड्या ठेवायला जागा कमी पडली तरी खरा आकडाच सांगायचा, म्हणजे बोलावणाऱ्याला कळेल की काही रकाने राहिले.

घाटावरचा (पुणे)

एवढा खटाटोप कशासाठी? पायथॉनमध्ये एका ओळीचं काम आहे. सीच हवं असेल तर ग्लिब आहे, त्यात स्ट्रिंग तोडण्यापासून याद्यांपर्यंत सगळं तयार मिळतं. चाक पुन्हा बनवू नये.

गजालीकार (कुडाळ)

इलो घाटावरचो.

खाडीकाठ (मालवण)

पुणेकर, मुद्दा चुकीचा नाही. लॅपटॉपवर मीही ग्लिबच घेतलं असतं. पण हीच फाइल पुढे ईएसपी३२ या बारक्या चिपवर न्यायची आहे, काही लहान होड्यांवर पाय ठेवायलाही जागा नाही (रास्पबेरीचा म्हणतोय). तिथे एवढं लटांबर नको. आणि मला लागतायत ती फंक्शनं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

मीरकरवाडा (रत्नागिरी)

आकडा वाचणाऱ्या फंक्शनाकडे बघितलंत का? तुमची फाइल उतरवून घेतली. त्यात दोन आहेत, एक एटीओआयवर बेतलेलं, दुसरं स्ट्रटॉलवर (दोन्ही स्ट्रिंगमधून आकडा काढणारी सीची तयार फंक्शनं). दोन्ही काढा.

एटीओआयबद्दल फार बोलत नाही. 'बांगडा' दिलं तरी शून्य, '०' दिलं तरी शून्य. आकडा मावण्यापलीकडे गेला तर काय होईल याची सीचं प्रमाण हमीच देत नाही.

स्ट्रटॉलवालं वरून शहाणं दिसतं, पण त्यात पाया म्हणून शून्य दिलाय. पाया शून्य म्हणजे 'तूच ओळख'. मग पुढे शून्य दिसला की ते फंक्शन आकडा आठच्या पायात धरतं. आता आपल्या किनाऱ्याचे रेखांश बघा. एनएमईएत रेखांशाचे अंश तीन आकडी असतात, म्हणजे मालवणचे ७३ अंश २८ मिनिटं हे ०७३२८ असं येणार. आठच्या पायात ८ हा आकडाच नाही. फंक्शन ०७३२ वर थांबतं आणि ४७४ देतं. आमच्या बाजूला ०७३१७ आलं तर अडखळतसुद्धा नाही, सरळ ३७९१ देतं. हे जास्त घातक, कारण पूर्ण आकडा वाचला गेला असं तपासणीतही दिसतं.

तुम्ही व्यापाऱ्यांचे फोनही याच फंक्शनाने वाचताय. रत्नागिरीचा एसटीडी ०२३५२, तो झाला १२५८. दापोलीचा ०२३५८, त्याचे १५७ झाले आणि शेवटचा ८ बाहेर लोंबकळत राहिला. मुळात फोन नंबर हा आकडाच नव्हे, त्याची बेरीज-वजाबाकी कोणी करत नाही. स्ट्रिंग म्हणून ठेवा.

बाकी आकड्यांसाठी एकच फंक्शन ठेवा. पाया कायम १०. बोलावण्याआधी एररनो (सी जिथे चूक नोंदवून ठेवतं तो आकडा) शून्य करायचा. नंतर तीन गोष्टी बघायच्या: एकही अक्षर वाचलं गेलं का, आकड्यानंतर काही कचरा उरला का, एररनोत ईरेंज (म्हणजे आकडा मावला नाही) आलं का. परतीला फक्त जमलं की नाही. आकडा पॉइंटरमधून, आणि तोही जमलं तरच भरायचा, नाहीतर जुना तसाच राहू द्यायचा.

एक आणखी. लॅपटॉपच्या ६४ बिटी लिनक्सवर लाँग प्रकारचा पूर्णांक ६४ बिटांचा, ३२ बिटी पायवर ३२ चा. त्यामुळे 'मावला' याचा अर्थ दोन्हीकडे वेगळा होतो. किमान आणि कमाल बोलावणाऱ्याकडूनच घ्या. मिनिटांना ० ते ५९ देऊन ठेवलं की अर्धी रद्दी दारातच अडते.

टीवाय_सावंतवाडी

वाचतोय. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

दापोलीकरीण

फोनचा मुद्दा एकदम पटला, माहेरचा नंबर मीही असाच एका यादीत हरवलेला बघितलाय.

मी नावांबद्दल लिहिते. तुमच्या नोंदीत बंदराच्या नावाला २० बाइटांची चौकट आहे. रोमन लिपीत ठीक होतं, पण वहीत लोक मराठीत लिहितात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगवेगळी चिन्हं. 'मालवण' ५ चिन्हं, १५ बाइट, बसलं. 'वेंगुर्ले' मोजा: व, एकार, अनुस्वार, ग, उकार, र, हलन्त, ल, एकार. ९ चिन्हं, २७ बाइट.

शेवटचा शून्य बाइट सोडून १९ उरतात. कापल्यावर 'वेंगुर' आणि पुढे हलन्ताच्या ३ बाइटांपैकी पहिला. तो एकटा बाइट म्हणजे पडद्यावर चौकोन किंवा प्रश्नचिन्ह. यावर सोपा उपाय आहे. चिन्हाचा पहिला बाइट सोडून बाकीच्यांचे वरचे दोन बिट नेहमी १० असतात. कापायच्या जागेचा बाइट तसा असेल तर तसा नसलेला बाइट सापडेपर्यंत मागे सरकायचं आणि तिथे कापायचं.

पण तेवढ्याने भागत नाही. चौकट २२ ची केली तर २१ बाइट मिळतात, म्हणजे बरोबर ७ चिन्हं, कुठेही तुटलेला बाइट नाही, आणि हातात 'वेंगुर्'. बाइटांच्या हिशोबाने शुद्ध, वाचायला लंगडं. म्हणून शेवटचं चिन्ह हलन्त असेल तर तो आणि त्यामागचं व्यंजनही सोडायचं. सगळ्या जगाच्या लिप्यांसाठी हे पुरणार नाही, आपल्या वहीला पुरेल. खरं विचाराल तर चौकट ६४ ची करा आणि विषय मिटवा, पण कापणारं फंक्शन तरी लागेलच.

आणि प्रिंटएफच्या रकान्याची रुंदी बाइटांत मोजली जाते, म्हणून तुमच्या पावतीवर सुरमईपुढचा भाव आणि बांगड्यापुढचा भाव एका रेषेत येत नाहीत. छपाई बिघडलेली नाही.

खाडीकाठ (मालवण)

ताई, दंडवत. पावतीवरून दोघातिघांचं प्रिंटरवाल्याशी वाजलं होतं.

जुना_युनिक्सवाला (वेंगुर्ले)

आमचं गाव कापल्याबद्दल निषेध नोंदवतो आणि पुढे जातो.

फाइलमध्ये नावं बसवायला स्ट्रएनकॉपी वापरलंय. बऱ्याच जणांना वाटतं की ही स्ट्रकॉपीची सुरक्षित बहीण. तसं ते कधीच नव्हतं. जुन्या युनिक्समध्ये डिरेक्टरीच्या नोंदीत फाइलच्या नावाला ठरलेले १४ बाइट असत. नाव लहान असलं तर उरलेली जागा शून्यांनी भरायची, पूर्ण १४ चं असलं तर शेवटी शून्य ठेवायचाच नाही. स्ट्रएनकॉपी नेमकं तेच करतं. म्हणून नाव चौकटीइतकं किंवा मोठं असलं की शेवट लागत नाही, आणि पुढचं वाचणारा शेजारच्या रकान्यात घुसतो. लहान असलं की उरलेली सगळी चौकट शून्यांनी भरत बसतं, ते वेगळंच.

१९९८ साली ओपनबीएसडीच्या २.४ आवृत्तीत टॉड मिलर आणि थिओ द राट यांनी स्ट्रएलकॉपी आणि स्ट्रएलकॅट आणली. शेवट नेहमी लावायचा, आणि परतीला मूळ स्ट्रिंगची पूर्ण लांबी द्यायची. ती चौकटीएवढी किंवा मोठी आली तर समजायचं, नाव कापलं गेलं. ग्लिबसीवाल्यांनी ती घ्यायला वर्षानुवर्षं नकार दिला. अशाने लोक कापाकापीकडे दुर्लक्ष करतील, असा एक आक्षेप होता. शेवटी २०२३ मध्ये २.३८ आवृत्तीत घेतली. पॉझिक्स या युनिक्सांच्या प्रमाणाच्या २०२४ च्या आवृत्तीतही ती आहे. सी२३ या सीच्या प्रमाणात मात्र नाही, तिथे स्ट्रडप आणि स्ट्रएनडप आत आली.

मीरकरवाडा (रत्नागिरी)

काका, आक्षेप खराच आहे ना? परतीचा आकडा बघतंय कोण? मी बघितलेल्या कोडमध्ये तरी स्ट्रएलकॉपी बोलावून पुढे चालू लागतात.

जुना_युनिक्सवाला (वेंगुर्ले)

बघत नाहीत हे खरं. पण स्ट्रएनकॉपीत बघायची सोयच नव्हती, कारण परतीला ते तुमचाच पॉइंटर देतं. इथे निदान सोय आहे. जीसीसी आणि क्लँगमध्ये 'परतीचं मूल्य वापरलं नाही तर ओरड' अशी खूण फंक्शनावर लावता येते, सी२३ मध्ये त्यासाठी नोडिस्कार्ड आलंय. खाडीकाठच्या म्हणण्याला तेच बसतं. फंक्शनाने सांगून भागत नाही, ऐकलं नाही तर कंपायलरने कान धरला पाहिजे.

सावध राहायची एक जागा. स्ट्रएलकॉपी मूळ स्ट्रिंग शेवटपर्यंत चालत जातं. सीरियल पोर्टवरून आलेल्या कच्च्या बाइटांना शेवटचा शून्य नसतो. तिथे ते वापरलंत तर चालत चालत कुठेही जाईल. तिथे लांबी हातात ठेवून मेमकॉपी, म्हणजे सांगितले तेवढेच बाइट उतरतात. आणि जागा एकमेकींवर चढत असतील, म्हणजे बफरमधली वाचून झालेली ओळ काढून बाकीची पुढे सरकवायची असेल, तर मेममूव्हच. २०१० मध्ये ग्लिबसीने मेमकॉपीची आतली दिशा बदलली तेव्हा फेडोरा १४ वर फ्लॅशचा आवाज खरखरायला लागला होता. फ्लॅशने चढत्या जागांसाठी मेमकॉपी वापरलेलं. तोवर नशिबाने चालत होतं.

अवांतर: चौकट किती ते न बघता ओळ वाचणारं गेट्स नावाचं फंक्शन कोणाच्या जुन्या कोडमध्ये दिसलं तर काढा. १९८८ च्या मॉरिस वर्मने (इंटरनेटवर आपोआप पसरलेला घातक प्रोग्राम) फिंगर सेवेत त्याचाच फायदा घेतला होता, आणि सीच्या प्रमाणातून ते जायला २०११ उजाडलं.

घाटावरचा (पुणे)

बरं, मीही फाइल उघडली. मॅक्स हा मॅक्रो आहे आणि त्यात एका ठिकाणी आय++ दिलंय, म्हणजे मोठा ठरला तर दोनदा वाढणार. स्टॅटिक इनलाइन फंक्शन करा. घटकसंख्या काढणारा मॅक्रो फंक्शनात आलेल्या अ‍ॅरेवर वापरलाय, तिथे ती अ‍ॅरे नसून पॉइंटर असतो, उत्तर चूक येतं. दर फ्लोटमध्ये ठेवलेत, पैशांत पूर्णांक ठेवा.

गजालीकार (कुडाळ)

बघ, घाटावरच्याक पण गोडी लागली. पायथॉन खय गेला?

टीवाय_सावंतवाडी

दादा, काका, एक शंका. चेकसमचं फंक्शन बरोबर आहे हे कसं पडताळायचं? आमच्या सरांनी 'एक्सॉर करा' एवढंच सांगितलं. आणि दुसरी शंका: आपल्याकडे कायम उत्तर आणि पूर्वच असणार, मग दिशेचे दोन रकाने वाचायचेच कशाला?

जुना_युनिक्सवाला (वेंगुर्ले)

दुसरीचं आधी. दिशेच्या रकान्यात ठरलेलं एकच अक्षर असतं. धाग्यात वर दिलेल्या वाक्यात तिथे '००' येऊन बसले होते. अक्षर तपासलं असतं तर ते वाक्य तिथेच बाद झालं असतं. आपल्या बाजूला उत्तर-पूर्वच, म्हणून तर तपासणी आणखी सोपी.

आता चेकसम, हाताने करू. वेळही न मिळालेल्या मोड्यूलचं वाक्य घे: $जीपीजीजीए,,,,,,०,००,९९.९९,,,,,,*४८. डॉलर आणि तारा यांच्यामधल्या सगळ्या बाइटांचं एक्सॉर (दोन बिट वेगळे तर १, सारखे तर ०). तेच अक्षर दोनदा आलं की ते स्वतःलाच खोडतं, म्हणून नुसतं सम की विषम एवढं बघायचं. स्वल्पविराम १४, सम, गेले. नऊ चार वेळा, गेले. शून्य तीन वेळा, एक उरला. जी तीनदा, एक उरला. पी, ए आणि टिंब एकेकदा. सोळाच्या पायात जी ४७, पी ५०, ए ४१, शून्याचं अक्षर ३०, टिंब २ई. पी आणि जीचं १७, त्यात ए घातल्यावर ५६, शून्याने ६६, टिंबाने ४८. ताऱ्यापुढे तेच आहे. हे वाक्य चाचणीत कायमचं ठेवा.

दापोलीकरीण

काका, यातच त्याची कमजोरीही दिसते की. दोन स्वल्पविराम वाटेत गळाले तरी चेकसम तोच!

जुना_युनिक्सवाला (वेंगुर्ले)

अगदी. दोन अक्षरांची अदलाबदल झाली तरी तोच. खाऱ्या हवेत कनेक्टर हिरवे पडले की बाइट गळतातच, त्यामुळे हे पुस्तकी समजू नका. जीजीए वाक्यात १४ स्वल्पविराम, म्हणजे १५ रकाने. चेकसम जुळल्यावर तेही मोजा. खाडीकाठचं नवीन तोडफंक्शन आकडा देतंयच. आणि अंश-मिनिटांचं रूपांतर सगळ्या तपासण्यांच्या नंतर. १६०३.५ म्हणजे १६ अंश ३.५ मिनिटं, दशांशात १६.०५८३. काही जण सरळ शंभराने भागून १६.०३५ लिहितात, जागा अडीच किलोमीटरच्या वर सरकते. खडकाची खूण असेल तर जाळं गेलंच.

मीरकरवाडा (रत्नागिरी)

तुमची जुनी फाइल अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीतल्या चुका पकडणारं साधन) लावून चालवली. रिकामी ओळ दिली की मागच्या जागा छाटणारं फंक्शन स्ट्रिंगच्या आधीचा बाइट वाचायला जातं. लांबी शून्य, त्यातून एक वजा, साइझ_टी ऋण होऊ शकत नसल्याने आकडा प्रचंड होतो. आधी लांबी शून्य आहे का बघा, मग वजा करा.

त्याच फंक्शनात इजस्पेसला (अक्षर म्हणजे रिकामी जागा का ते सांगणारं फंक्शन) सरळ कॅर (एका बाइटाचा प्रकार) दिलाय. लॅपटॉपवर साधा कॅर ऋण होऊ शकतो, पायच्या एआरएमवर लिनक्समध्ये तो धनच असतो. देवनागरीचा प्रत्येक बाइट १२७ च्या वरचा, म्हणजे लॅपटॉपवर प्रत्येक मराठी अक्षर इजस्पेसला ऋण आकडा म्हणून जातंय. ग्लिबसी ते निभावून नेतं, विंडोजवर डीबग बांधणीत प्रोग्राम तिथेच आपटतो. आधी अनसाइन्ड कॅर करून मग द्या.

खाडीकाठ (मालवण)

छाटणीचं दोन्ही दुरुस्त करून फाइल वर चढवली. इजस्पेस काढूनच टाकलं. जागा, टॅब आणि ओळीअखेरीची दोन चिन्हं, एवढीच स्वतः तपासतोय. एनएमईएत दुसरं काही येत नाही. आकडा वाचणारं मीरकरवाड्याच्या सांगण्याप्रमाणे नवीन लिहिलंय, नाव कापणारं दापोलीच्या ताईंच्या हिशोबाने. सगळ्यांवर 'परतीचं मूल्य वापरा' ही खूण लावल्याबरोबर मुख्य प्रोग्राममध्ये इशाऱ्यांची रांग लागली आहे, ती उद्यापासून.

मीरकरवाडा (रत्नागिरी)

लॅपटॉपवर एकदा -एफअनसाइन्ड-कॅर देऊन आणि एकदा न देता बांधा, दोन्हींवर चाचण्या चालवा. पाय होडीवर चढवण्याआधी अर्धं काम तिथेच होईल.